ख्याल ऐकण्यासाठी इअरफोन : दोन हजार, पाच हजार आणि वीस हजार रुपयांत नेमके काय मिळते?

पूर्वांग (प्रश्न)

नमस्कार. माझे ऐकणे मुख्यतः ख्यालाचे आणि थोडेफार सतार-सरोदचे आहे. इतकी वर्षे फोनबरोबर मिळालेल्या इअरफोनवर भागत होते. आता त्याची एक बाजू बंद पडली आहे, आणि नव्या फोनच्या खोक्यात इअरफोन येत नाही, त्यामुळे वेगळा विकत घ्यावा लागणार आहे. शोधायला बसल्यावर पाचशे रुपयांपासून लाखापर्यंतच्या वस्तू समोर आल्या. त्यांच्या वर्णनात खोल बेस, ड्रायव्हरची (आवाज निर्माण करणाऱ्या भागांची) संख्या आणि बॅटरीचे तास एवढेच ठळक लिहिलेले असते. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झंकार, नीट ऐकू येईल का, डग्ग्याचा घुमारा गळ्यावर चढणार नाही ना, तार सप्तकात आवाज टोचणार नाही ना, या माझ्या प्रश्नांची उत्तरे तिथे मिळत नाहीत.

माझ्या मनात तीन टप्पे आहेत : दोन हजारांपर्यंत, पाच हजारांच्या आसपास आणि पंधरा ते वीस हजार. एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर गेल्यावर आवाजात खरोखर काय वाढते, हे जाणकारांनी सांगावे. ऐकण्याचा माझा बराचसा वेळ बोरिवली ते चर्चगेट प्रवासात जातो, हेही लक्षात घ्यावे. शिवाय माझी मुलगी गाणे शिकते आणि तानपुऱ्याचे ॲप लावून रियाज करते. तिलाही एक घ्यायचा आहे. दोघांना एकाच प्रकारचा चालेल का?

खर्जपंचम

आपल्या संगीताला इअरफोनकडून काय लागते ते आधी पाहिले, तर किमतीचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. पुरुष गायक काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून) गात असेल तर त्याचा मध्य षड्ज सुमारे १३८ हर्ट्झचा असतो आणि तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची तार, त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. गायिका काळी चार किंवा पाचमध्ये गात असेल तर तिच्या तानपुऱ्याचा खर्ज शंभर हर्ट्झच्या वरच राहतो. जाहिरातींत ज्या २०-३० हर्ट्झच्या बेसचे कौतुक असते, त्याच्याशी ख्यालाचे फारसे देणेघेणे नाही. मात्र साधारण ६० ते २०० हर्ट्झचा पट्टा नेमका हवा. तो कमी पडला तर तानपुरा पोकळ वाटतो, आणि फुगवलेला असला तर डग्गा प्रत्येक समेला गायकाला झाकून टाकतो. बाजारातले बरेचसे स्वस्त इअरफोन हाच पट्टा फुगवून विकले जातात, कारण दुकानात दोन मिनिटे ऐकणाऱ्याला तो भरदार वाटतो.

दुसरी गोष्ट ३००० हर्ट्झच्या परिसराची. आपल्या कानाची पाळी आणि कानाची नळी मिळून या भागातला आवाज नैसर्गिकपणेच वाढवतात. इअरफोन नळीच्या तोंडाशी बसतो, त्यामुळे ही वाढ त्याला स्वतःहून द्यावी लागते. ती कमी दिली तर गायक मैफलीच्या मागच्या रांगेत जाऊन बसल्यासारखा वाटतो. जास्त दिली, किंवा त्याच्या वर ५ ते ८ हजार हर्ट्झमध्ये उंचवटा राहिला, तर पेटी कर्कश होते, सारंगी चिरकते आणि तार षड्ज टोचू लागतो. लोकांना कोणता समतोल आवडतो याचा अभ्यास हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ नंतरच्या काळात सातत्याने केला. त्यातून निघालेला आलेख 'हरमन टार्गेट' म्हणून ओळखला जातो. दोन-पाच हजारांच्या इअरफोनचा दर्जा गेल्या काही वर्षांत एवढा वाढला, त्याचे एक मोठे कारण म्हणजे लहान चिनी कंपन्यांनी हा आलेख समोर ठेवून ट्यूनिंग करायला सुरुवात केली.

म्हणून पहिल्या टप्प्याबद्दल मी अगदी निःशंकपणे सांगतो : दोन हजारांत वायरचा इअरफोन घ्या. मूनड्रॉपचा चू टू आणि सेवनहर्ट्झचा झिरो या दोन्हींत प्रत्येक बाजूला दहा मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर आहे, वायर बदलता येते आणि आवाजाचा समतोल ख्यालाला मानवणारा आहे. झिरोचा बेस अधिक आटोपशीर असल्याने गायिकांच्या ध्वनिमुद्रणांना तो विशेष शोभतो, तर पुरुष गायक आणि सरोद जास्त ऐकत असाल तर मी चू टू सुचवीन. सेवनहर्ट्झचाच झिरो टू नावाचा इअरफोनही मिळतो. त्यात बेस वाढवलेला आहे, त्यामुळे नाव नीट वाचून मागवा.

पाच हजारांच्या आसपास ट्रूथिअरचा झिरो रेड हा मला आपल्या संगीतासाठी सर्वांत योग्य वाटतो. त्यात दोन डायनॅमिक ड्रायव्हर असून खालचा भाग एकाकडे आणि उरलेला दुसऱ्याकडे सोपवलेला आहे. त्यामुळे डग्ग्याचा घिस्सा घुमत असतानाही गळ्यातली मुरकी स्वच्छ राहते. सोबत एक छोटा अडॅप्टर येतो. तो जोडला की बेस वाढतो, पण ख्यालासाठी तो खोक्यातच राहू द्यावा. एक अडचण मात्र आहे : त्याची कानात जाणारी नळी बरीच जाड आहे. कान लहान असतील तर अर्ध्या तासात दुखू लागते, आणि अशा वेळी त्याचे सारे गुण निरुपयोगी ठरतात.

तिसऱ्या टप्प्यावर आवाजात होणारी वाढ लहान असते आणि ती मिळेलच याची खात्री नसते. तिथे पैसे जातात ते बांधणीला, हलक्या व टिकाऊ वायरीला, दोन बाजूंच्या काटेकोर जुळणीला आणि कानात तासन्‌तास सुखाने बसण्याला. सेनहायझरचा २०२३ साली आलेला आयई २०० या टप्प्यावर विचारात घेण्यासारखा आहे. तो इतका छोटा आणि हलका आहे की बहुतेकांच्या कानात तो बसतो. ड्रायव्हरच्या संख्येवर मात्र कोणत्याच टप्प्यावर जाऊ नका. याच कंपनीच्या लाखाच्या घरातल्या आयई ९०० मध्येही प्रत्येक बाजूला सात मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर आहे.

पारखायचे कसे? नुसता तानपुरा लावा आणि खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार शोधा. काळी एकच्या तानपुऱ्यात तो सुमारे ३४६ हर्ट्झला, म्हणजे खर्जाच्या पाचपट कंपनसंख्येला असतो. चांगल्या इअरफोनवर तो प्रयत्नाशिवाय कानी येतो. त्यानंतर विलंबित एकतालातला तबला ऐका. 'ना' आणि 'तिं' यांचा नाद वेगवेगळा कळला पाहिजे. तबल्याच्या शाईमुळे पुडीचे उपस्वर (मूळ नादाबरोबर उमटणारे वरचे नाद) एकमेकांशी सुरात येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले होते. ज्या इअरफोनवर तबला नुसताच ठोका होऊन येतो, तो हे सुरेलपण गमावतो, आणि तो कितीही महाग असला तरी आपल्या कामाचा नाही.

पश्चिमरेल्वे

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, पण लोकलच्या प्रवासाचा विचार त्यात आलेला नाही, आणि तुमच्या बाबतीत तोच निर्णायक ठरेल असे मला वाटते. डब्यातला आवाज बहुतांशी खालच्या पट्टीतला असतो. चाकांची घरघर, पंखे आणि उघड्या दारातून येणारा वारा नेमका तानपुऱ्याचा खर्ज आणि डग्गा गिळून टाकतात. मग माणूस आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला ही वेळ निम्मी होते. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास आणि ८६ डेसिबलला १० तास. रोज जाऊन-येऊन दोन-अडीच तास गाडीत ऐकणाऱ्याने हा हिशेब गांभीर्याने घ्यावा.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे बाहेरचा आवाज यंत्राने रद्द करणारे, म्हणजे नॉइज कॅन्सलिंग असलेले वायरलेस इअरबड. ही युक्ती सलग, खालच्या पट्टीतल्या घरघरीवर उत्तम चालते. माणसांचे बोलणे आणि हॉर्न यांवर तितकी चालत नाही. दोन हजारांच्या आतल्या वायरलेसवर माझा भरवसा नाही, कारण तेवढ्याच पैशांत बॅटरी, चिप, माइक आणि डबी हे सगळे बसवायचे असते आणि ट्यूनिंगवर खर्च करायला फार थोडे उरते. पाच ते दहा हजारांत आता बरे वायरलेस मिळतात. घेताना एवढे पाहा की कंपनीच्या ॲपमध्ये इक्वलायझर आहे आणि त्यात १०० ते २५० हर्ट्झचा भाग खाली आणता येतो. बहुतेकांना तो दोन-चार डेसिबल खाली आणावाच लागतो. पंचवीस हजारांच्या आसपास मिळणाऱ्या एअरपॉड्स प्रोमध्ये आतल्या बाजूला एक माइक असतो. कानात प्रत्यक्ष पोहोचणारा आवाज मोजून तो ट्यूनिंग सतत सावरत राहतो, आणि हा मला त्यातला खरा मोलाचा भाग वाटतो. पण तुमच्याकडे आयफोन नसेल तर त्याच्या बऱ्याच सोयी मिळत नाहीत.

दुसरा उपाय जुना आहे, आणि स्वच्छ आवाजासाठी मला तोच अधिक आवडतो. एटिमोटिक या अमेरिकी कंपनीने १९९१ साली ईआर४ काढला. तीन पाळ्यांचे रबरी टिप कानात खोलवर बसवून बाहेरचा आवाजच अडवायचा, ही त्यामागची कल्पना. आजचा ईआर२एसई त्याच घराण्यातला आहे आणि तुमच्या तिसऱ्या टप्प्यात बसतो. कंपनी ३५ डेसिबलहून अधिक आवाज अडवल्याचा दावा करते, तोही बॅटरीशिवाय. त्याचा मधला पट्टा फार सरळ आहे. गायकाचा श्वास आणि 'आ'कारातला बदल त्यावर जसा कळतो, तसा इतर ठिकाणी क्वचितच कळतो. मात्र इतका खोल इअरफोन सर्वांना सहन होत नाही, आणि फलाटावर उतरताना तो काढलाच पाहिजे, इतका तो बाहेरच्या जगाशी संबंध तोडतो.

वायरलेसमध्ये कोडेकच्या, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याच्या पद्धतीच्या, नावांची फार काळजी करू नका. सोनीचा एलडॅक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो हे खरे, पण आयफोनवर तो चालतच नाही, आणि अँड्रॉइडवरही गर्दीच्या स्टेशनात जोडणी टिकवण्यासाठी वेग पुष्कळदा खाली आणला जातो. ट्यूनिंग आणि कानातली बसणी यांपुढे हा फरक किरकोळ आहे. बॅटरीचा मुद्दा किरकोळ नाही. इतक्या छोट्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत थकतात आणि सहसा बदलता येत नाहीत. म्हणून पंधरा हजारांचा वायरलेस आणि पंधरा हजारांचा वायरचा इअरफोन यांची किंमत सारखी समजू नये.

पूर्वांग

दोघांचेही मनापासून आभार. दोन शंका आहेत. माझ्या फोनला गोल जॅक नाही, तर वायरचा इअरफोन जोडायचा कसा? आणि जुन्या इअरफोनचा उजवा टिप माझ्या कानात नेहमी सैल पडत असे. त्या बाजूचा तानपुरा मला कमी ऐकू येतो, हे कानाचे काही दुखणे तर नसेल?

तालीम

आधी तुमच्या कानाबद्दल. दोन्ही कानांच्या नळ्या तंतोतंत एका मापाच्या असतीलच असे नाही. टिप सैल पडला की हवाबंदपणा जातो, आणि तो गेला की सर्वांत आधी २०० हर्ट्झच्या खालचा आवाज निसटतो. खर्ज हलका होतो, पण तारांचे वरचे उपस्वर जवळपास तसेच राहतात, त्यामुळे दोष लगेच लक्षात येत नाही. उजव्या कानाला एक माप मोठा टिप लावून पाहा. फोमचे टिप थोड्या पैशांत वेगळे मिळतात. दाबून कानात घातले की ते फुगून जागा भरतात. कितीही किमतीचा इअरफोन घेतला तरी हे पहिल्या दिवशी करावेच. टिप बदलूनही त्या बाजूला कमीच ऐकू येत असेल, किंवा डावी-उजवी बाजू अदलाबदल करूनही तोच कान मागे पडत असेल, तर कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणचाचणी करून घ्या.

आता तुमच्या मुलीचा प्रश्न. मी गाणे शिकवते, त्यामुळे मला तो जवळचा आहे. तिला तुमच्यासारखा, कान बंद करणारा इअरफोन घेऊ नका. कानाची नळी बाहेरून बंद केली की आपलाच आवाज हाडांतून येऊन आत कोंडतो आणि त्याचा खालचा भाग फुगतो. बोटांनी दोन्ही कान बंद करून 'ॐ' म्हणून पाहिले की हे लगेच कळते. अशा स्थितीत रियाज करणाऱ्या मुलांना आपला मंद्र भरदार लागतो आहे असे वाटते, पण बाहेर ऐकणाऱ्याला तो तसा नसतो. स्वराचा लगाव आणि आवाजाचा जोर यांचा अंदाज चुकत जातो. ज्या वयात कान घडतो त्या वयात ही सवय लागू नये अशी माझी कळकळ आहे.

तिच्यासाठी कानाच्या तोंडाशी नुसता टेकणारा, रबरी टिप नसलेला जुन्या धाटणीचा इअरबड योग्य. ॲपलचे २०१२ पासून मिळणारे इअरपॉड्स याच प्रकारचे आहेत आणि दोन हजारांच्या आसपास मिळतात. व्हेंचर इलेक्ट्रॉनिक्सचा मंक प्लस त्याहून बराच स्वस्त आहे आणि फोमची टोपी लावल्यावर तानपुऱ्याला पुरेसा गोडवा देतो. त्यांत खर्ज कमी येतो हे मान्य, पण रियाजात स्वतःचा गळा मोकळेपणाने ऐकू येणे अधिक महत्त्वाचे. घरी शक्य असेल तेव्हा तर इअरफोन बाजूला ठेवून छोट्या स्पीकरवर तानपुरा लावावा.

आणि तिचा इअरबड वायरचाच असावा. ब्लूटूथवर आवाज फोनमधून कानात पोहोचायला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद उशीर होऊ शकतो. नुसत्या तानपुऱ्याबरोबर गाताना याचा त्रास नाही. पण ती तबल्याचे ॲप लावून स्वतःचे गाणे फोनवर मुद्रित करू लागेल, तेव्हा ठेका तिच्या कानात उशिरा पोहोचलेला असेल आणि तिचा गळा मुद्रणात तितकाच मागे पडेल. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २५० मिलिसेकंदांची असते. म्हणजे मुलगी अचूक समेवर आलेली असूनही मुद्रणात जवळजवळ एक मात्रा चुकलेली ऐकू येईल, आणि ती विनाकारण स्वतःला दोष देईल.

तबकडी

तिसऱ्या टप्प्याबद्दल वर जे लिहिले आहे ते मला थोडे कठोर वाटले, म्हणून माझे मत नोंदवतो. चांगल्या सभागृहात काळजीपूर्वक केलेले अलीकडचे मुद्रण ऐकत असाल, तर महाग इअरफोनवर दोन तानपुऱ्यांची जागा, गायकाच्या मागे बसलेल्या शिष्याचा आवाज आणि टाळ्यांपूर्वीची शांतता यांत मला फरक जाणवतो, आणि तो मला पैशांच्या मोलाचा वाटतो. पण हा फरक मुद्रणातच असावा लागतो. १९२५ नंतर विद्युत ध्वनिमुद्रण रूढ होईपर्यंतच्या तबकड्या भोंग्यात गाऊन घेतलेल्या आहेत. त्यांत खर्जही नाही आणि वरचे उपस्वरही नाहीत. पुढच्या काळातल्या खाजगी मैफलींच्या टेप, कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेल्या प्रती आणि त्यांवरून इंटरनेटवर चढवलेले मुद्रण यांचीही कथा फार वेगळी नाही. अशा मुद्रणांत वरच्या पट्टीत नुसती खरखर असते आणि महागडा, अतिस्पष्ट इअरफोन ती आणखी पुढे आणतो. तुमचे ऐकणे जुन्या मुद्रणांचे असेल तर पाच हजारांपुढे जाण्याचे मला काही कारण दिसत नाही. नव्या मुद्रणांचे असेल तर पंधरा हजार वाया जाणार नाहीत.

तुलना करताना मात्र दोन्ही इअरफोनचा आवाज कानाला समान वाटेल इतका जुळवून घ्या. त्याच फोनवर एक इअरफोन मोठा वाजतो आणि दुसरा लहान, आणि जो जरा मोठा वाजतो तोच आपल्याला अधिक चांगला वाटतो. दुकानदार बाजूला उभा असताना हे जुळवणे जमत नाही. म्हणून परत घेण्याची मुदत स्पष्ट लिहून देणाऱ्या विक्रेत्याकडून घ्यावे आणि आपल्या नेहमीच्या रागाच्या, नेहमीच्या मुद्रणावर घरी शांतपणे ऐकावे.

खर्जपंचम

गोल जॅकच्या शंकेचे उत्तर राहिले होते. त्यासाठी टाइप-सी डाँगल मिळतो. काही डाँगल नुसते तारेचे जोड असतात आणि मोजक्याच फोनवर चालतात. ज्याच्या आत स्वतःची डॅक चिप (फोनमधल्या डिजिटल आवाजाचे इअरफोनला चालणाऱ्या संकेतात रूपांतर करणारी) आहे असाच घ्या. ॲपलचा छोटा डाँगल आवाजाने स्वच्छ आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर तो पूर्ण वाढवूनही कमी वाजतो, त्यामुळे तुमचा फोन अँड्रॉइड असेल तर दुसऱ्या कंपनीचा पाहा. वर सुचवलेल्यांपैकी कोणत्याच इअरफोनला वेगळ्या ॲम्प्लिफायरची गरज नाही. कोणी तो सोबत घेण्याचा आग्रह केला तर तेवढे पैसे टिपांवर आणि मुलीच्या इअरबडवर खर्च करा.